डायबेटिक रेटिनोपथी आणि रेडिएशन रेटिनोपथी: दिसायला सारखे, उगमाने वेगळे

दृष्टिपटलावर रक्तस्रावाचे बारीक ठिपके, पिवळट साके, कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग आणि मध्यभागी सूज दिसली, की आपल्याकडे पहिला संशय मधुमेहाचा येतो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. मात्र नाकामागच्या पोकळीतील, वरच्या जबड्याच्या सायनसमधील किंवा खुद्द डोळ्यातील कर्करोगासाठी पूर्वी किरणोपचार घेतलेल्या रुग्णाचे दृष्टिपटलही हुबेहूब असेच दिसू शकते. पहिला विकार डायबेटिक रेटिनोपथी, दुसरा रेडिएशन रेटिनोपथी. रुग्णाला मधुमेहही असेल, तर दुसऱ्याचे खापर पहिल्यावर फुटण्याची शक्यता बरीच असते.

साम्याचे कारण असे की दोन्ही विकार मुळात दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांचे आहेत. या वाहिन्या आधी पाझरतात, मग बंद पडतात. रक्ताला मुकलेला भाग व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्या उगवतात. पुढे डोळ्याच्या आत रक्तस्राव किंवा काचबिंदू होण्याचा धोकाही दोन्हींत आहे.

भेद आहे तो सुरुवात कोठून होते यात. केशवाहिनीला आतून अस्तरासारख्या पेशी असतात आणि बाहेरून तिला आधार देणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात. मधुमेहात या बाहेरच्या पेशी लवकर नष्ट होतात, वाहिनीची भिंत दुबळी होते आणि तिला सूक्ष्म फुगे येतात. किरणोपचारात मात्र आधी आतल्या अस्तराच्या पेशी मरतात. बेलफास्टचे नेत्रतज्ज्ञ डेसमंड आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि प्रयोग यांची सांगड घालून हा क्रम मांडला. त्यामुळेच रेडिएशन रेटिनोपथीत सूक्ष्म फुगे तुलनेने कमी आणि वाहिन्या बंद पडलेले प्रदेश अधिक आढळतात. अस्तराच्या पेशी सावकाश विभाजित होत असल्याने इजा ताबडतोब दिसत नाही. बहुधा सहा महिने ते तीन वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ जावा लागतो. तोवर कर्करोगाचे उपचार रुग्णाच्या दृष्टीने मागे पडलेले असतात, आणि नेत्रतज्ज्ञासमोर तो त्यांचा उल्लेखही करत नाही.

किरणोपचारांनी डोळ्याला अशी इजा होते, हे नवे ज्ञान नव्हे. लंडनचे हेन्री स्टॅलार्ड यांनी १९३३ मध्येच त्याचे वर्णन केले होते. धोका कोणाला, हे मात्र डोळ्याला पोहोचलेल्या मात्रेवर ठरते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या १९९४ च्या अभ्यासात ४५ ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) कमी मात्रा मिळालेल्या दृष्टिपटलांत हा विकार आढळला नाही. त्यापुढे तो वाढत गेला, आणि प्रत्येक वेळी दिलेला हप्ता मोठा असेल तर धोकाही मोठा होता. मधुमेह किंवा केमोथेरपीची जोड असेल तर कमी मात्रेतही इजा होऊ शकते, म्हणून ४५ हा आकडा अभेद्य भिंत समजू नये. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांनी मात्र या विकाराची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण तेथील किरणांचा रोख डोळ्यापासून दूर असतो.

तपासणीत सर्वांत उपयोगी खूण बाजूची आहे. मधुमेह दोन्ही डोळ्यांना गाठतो, तर किरणांची इजा बहुधा ज्या बाजूला मात्रा मिळाली त्या एकाच डोळ्यात किंवा त्यात कितीतरी अधिक असते. त्याच बाजूचे पापणीचे गळालेले केस, कोरडा डोळा किंवा लवकर आलेला मोतीबिंदू हेही बोलके पुरावे आहेत. तरीही कोणत्याही छायाचित्रापेक्षा एका थेट प्रश्नाला मी अधिक महत्त्व देतो, आणि तो रुग्णाच्या भाषेत विचारावा: चेहऱ्यावर किंवा डोक्यावर कधी लाइट, शेक घेतले होते का?

सुजेवरचे उपचार बरेचसे सारखे आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफला रोखणारे औषध दोन्ही विकारांत डोळ्यात टोचतात. पण मधुमेहात मुळावर घाव घालता येतो: अमेरिका आणि कॅनडातील डीसीसीटी या चाचणीने १९९३ मध्ये दाखवले की टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्यास रेटिनोपथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. एकदा दिलेले किरण परत घेता येत नाहीत, आणि मध्यभागातील केशवाहिन्या बंद पडल्या असतील तर सूज उतरूनही नजर फारशी सुधारत नाही.

दोन्ही कारणे एकत्र आलेल्या रुग्णाची मला सर्वाधिक काळजी वाटते. डोळ्याच्या मेलानोमा या कर्करोगावरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत आयोडिन-१२५ ची किरणोत्सर्गी चकती डोळ्याला लावलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्क्यांची नजर तीन वर्षांत २०/२०० (निरोगी डोळ्याला २०० फुटांवरून दिसते ते २० फुटांवरून दिसणे) किंवा त्याहून खाली गेली, आणि आधीपासून मधुमेह असणे हा अधिक नुकसानीशी निगडित घटक ठरला. त्यामुळे मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्याजवळ किरणोपचार ठरले असतील, तर ते सुरू होण्यापूर्वी दोन्ही दृष्टिपटलांची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि उपचारानंतर प्रत्येक डोळ्याला किती ग्रे मिळाले याची लेखी नोंद रेडिओथेरपी विभागाकडून मागून मधुमेहाच्याच फाइलमध्ये लावावी.