पहिला अंक, पुन्हा एकदा

माझ्या कपाटात विद्यार्थ्यांनी काढलेल्या वृत्तपत्रांचे तीन अंक आहेत. तिन्ही बडोद्याचे, तीन वेगवेगळ्या दशकांतले, आणि तिन्हींच्या पहिल्या पानावर छापलंय: वर्ष पहिले, अंक पहिला. संपादकीयातही थोड्याफार फरकाने एकच वाक्य आहे, की आपल्या कॅम्पसवर असा प्रयत्न आजवर कुणी केलेला नाही. त्यातल्या एका अंकातलं हे वाक्य माझंच. लिहिताना मला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. आमच्याही आधी निघालेला अंक माझ्या हाती आला तो पुढे कितीतरी वर्षांनी, रद्दीच्या गठ्ठ्यात.

यंदा पुन्हा चार-पाच मुलंमुली तयारीला लागली आहेत. "काका, नाव सुचवा," म्हणत घरी आली. नावाआधी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो.

सुरुवात घुमटापासून करायला हवी. रॉबर्ट चिझमने आराखडा केलेली, आज आर्ट्स फॅकल्टी म्हणून ओळखली जाणारी ती इमारत मूळची बडोदे कॉलेजची. कॉलेज सुरू झालं १८८१ साली, आणि १९४९ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. कॉलेजचं एक इंग्रजी नियतकालिक होतं, 'बडोदा कॉलेज मिसेलनी'. प्राध्यापक अरविंद घोष यांनी १८९९ मध्ये कॉलेजच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण त्यात छापलं गेलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं वातावरण विद्यार्थ्याला कसं घडवतं, असा त्याचा विषय. भाषण सुरेख आहे आणि कुणालाही न दुखावणारं.

याच घोषांनी सहा वर्षं आधी, १८९३ मध्ये, मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या मवाळ राजकारणावर सडकून टीका करणारी लेखमाला लिहिली होती. तिच्यावर त्यांचं नाव नव्हतं, कारण ते गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. लेख इतके जहाल निघाले की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं, सूर खाली आणायला सांगितलं गेलं आणि घोषांचा त्यातला रस संपला. म्हणजे एकाच माणसाचं नावानिशी लेखन कॉलेजच्या मासिकात आणि निनावी लेखन दुसऱ्या गावच्या वृत्तपत्रात. मला तर या शहरातल्या विद्यार्थी-पत्रकारितेची सगळी गोष्ट इथेच दिसते. कॉलेजचं मासिक टिकतं, कारण त्याच्यामागे प्राचार्य असतात. आणि प्राचार्य मागे असतात तोवर ते मासिकच राहतं, त्याचं वृत्तपत्र होत नाही.

मराठीत तरुणांनी पत्रं काढण्याची परंपरा तशी जुनी. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ मध्ये मुंबईत साहित्य-विज्ञानाची सभा स्थापन केली, तिच्या मराठी आणि गुजराती शाखा झाल्या, आणि त्यांतून ज्ञानप्रसाराची मासिकं निघाली. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, तेव्हा आगरकर नुकतेच एम.ए. झालेले, टिळक पंचविशीच्या आतले. ही मंडळी विद्यार्थी नव्हती, शिक्षक होती, पण वयाचा विचार केला तर आजच्या संशोधक विद्यार्थ्यांएवढीच. वर्षभरात कोल्हापूर प्रकरण, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीचा खटला, उभं राहिलं आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरीही पत्र चालू राहिलं. निष्ठा हे त्याचं कारण आहेच, पण आर्यभूषण हा घरचा छापखाना होता हेही कारण आहे. पाठ्यपुस्तकं निष्ठेबद्दल सांगतात, छापखान्याबद्दल फारसं नाही.

बडोद्यात छापखान्यांची वाण कधीच नव्हती. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, पुढे सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात पडले. दामोदर सावळाराम यंदे यांचं 'सयाजीविजय' इथूनच निघायचं. मध्यवर्ती ग्रंथालयाची चळवळ १९१० पासून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या घेऊन फिरत होती. विनोबा इथल्या कॉलेजात होते तेव्हा त्यांच्या मित्रमंडळींनी 'विद्यार्थी मंडळ' काढलं होतं. व्याख्यानं व्हायची, पुस्तकं जमवलेली होती. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. तर वाचणारे होते, बोलणारे होते, खिळे जुळवणारेही होते.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. अनेक कॉलेजं जोडून घेतलेलं विद्यापीठ नव्हे, एकाच शहरात एकवटलेलं, इंग्रजी माध्यमाचं. वृत्तपत्राला याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही, सगळे वाचक सायकलच्या टप्प्यात. योगायोग असा की त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात 'फेलिक्स' हे विद्यार्थ्यांचं पत्र सुरू झालं आणि ते अजून निघतं. त्याचा संपादक विद्यार्थी मतदानाने निवडतात. निवडून आलेला विद्यार्थी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून पगारी संपादक म्हणून काम करतो. खर्च विद्यार्थी संघ उचलतो, त्यामुळे संघावर टीका करताना संपादकाची पंचाईत होत असणार, पण निदान पुढच्या वर्षी खुर्चीत कोणीतरी बसणार हे नक्की.

अमेरिकेतली तऱ्हा निराळी. हार्वर्डचं 'क्रिमसन' १८७३ साली 'मॅजेंटा' या नावाने निघालं. कॉलेजचा रंग बदलला तसं दोन वर्षांनी त्याचं नाव बदललं, आणि १८८३ पासून ते दैनिक झालं. १९१५ पासून त्यांची स्वतःची इमारत आहे. नव्या मुलांना तिथे थेट घेत नाहीत, आधी काही महिने उमेदवारी करावी लागते, बातमी कशी आणायची आणि मथळा कसा बसवायचा हे आधीची मुलं शिकवतात. बर्कलीच्या 'डेली कॅलिफोर्नियन'ची कथा तर आणखी बोलकी. विद्यापीठाने कुंपण घातलेली पीपल्स पार्कची जागा परत ताब्यात घ्या, असं संपादकीय त्यांनी छापलं, विद्यापीठाशी बिनसलं आणि १९७१ मध्ये पत्र विद्यापीठापासून स्वतंत्र झालं. म्हणजे भाडं, कागद, जाहिराती सगळं ज्याचं त्याने बघायचं.

आपल्याकडे ज्याचं त्याने बघायचं म्हटलं की आधी आडवा येतो कायदा. १८६७ चा छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा परवापरवापर्यंत लागू होता. त्यानुसार प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवं, वृत्तपत्र असेल तर दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र हवं, शिवाय संपादक सज्ञान हवा. म्हणजे फर्स्ट इयरला आलेला सतरा वर्षांचा मुलगा कायद्याने संपादक होऊच शकत नव्हता. १९५६ पासून वृत्तपत्र निबंधकाचं कार्यालय आलं, नावाची मंजुरी दिल्लीहून येऊ लागली. ती येईपर्यंत अर्ज करणारा पदवी घेऊन पुण्याला नोकरीला लागलेला असायचा. म्हणून सगळी विद्यार्थी-पत्रं एक पळवाट वापरत आली: शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात 'केवळ खासगी वितरणासाठी'. माझ्याकडच्या तिन्ही अंकांवर ते आहे. मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, प्रतिज्ञापत्राची पायरी गेली, नोंदणी ऑनलाइन आली. नव्या मुलांना मी ते करून बघा म्हटलंय. त्यांचा उत्साह मात्र इन्स्टाग्रामवर जास्त.

कायद्याबद्दल बोलतोच आहे तर बडोद्यातल्याच हुजरातपागेला वळसा घातल्याशिवाय पुढे जाववत नाही. सर्वोदयवाल्यांचं 'भूमिपुत्र' हे छोटंसं गुजराती पत्र तिथून निघतं. आणीबाणीत सेन्सॉरने त्याच्यावर कारवाई केली तेव्हा संपादक चुनीभाई वैद्य गुजरात उच्च न्यायालयात गेले, आणि १९७६ मध्ये न्यायालयाने सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचनाच बेकायदा ठरवल्या. मोठमोठी दैनिकं ओळी गाळून छापत असताना चार पानांएवढ्या पत्राने हे केलं. कॅम्पसपासून ते ठिकाण रिक्षाने दहा मिनिटांवर. आमच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही तिथे चहाला तरी गेलो असतो.

कॅम्पसच्या आतही एक वेगळी वाट होती. फाइन आर्ट्सला शिकवणारे गुलाममोहम्मद शेख आणि कारखान्यात हिशेब सांभाळून चित्रं काढणारे भूपेन खख्खर यांनी १९६९ मध्ये 'वृश्चिक' काढलं. ते १९७३ पर्यंत चाललं. लेख, कविता, मूळ छापचित्रं आणि ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध मोहीमही. ते विद्यार्थ्यांचं पत्र नव्हे, पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी: दोन माणसांनी ठरवून चालवलं आणि ठरवून थांबवलं. आमचे अंक थांबले ते न ठरवताच.

आता चालवण्याचं. संपादक मंडळ छापायचं दहा जणांचं, काम करणारे चौघे: एक लिहिणारा, एक दुरुस्त करणारी, एक जाहिराती आणणारा आणि एक ज्याच्याकडे स्कूटर आहे तो. चौथा सर्वांत महत्त्वाचा. टॅब्लॉइड आकाराची चार पानं, पेजमेकरवर जुळवलेली, ट्रेसिंग पेपरवर काढून प्रेसला. आमच्या वेळी वर्षाचं गणित असं होतं की जुलै प्रवेशात जायचा, मग विद्यार्थी निवडणुका, मग नवरात्र. नवरात्रात बडोद्यात अंक काढायचं म्हणणाऱ्याने बडोदे पाहिलेलं नाही. दिवाळीनंतर परीक्षा, जानेवारीत पतंग. उरायचे चार अंकांपुरते आठवडे. निवडणुकीचा अंक सर्वांत जास्त खपायचा आणि त्याचीच भीती जास्त, कारण यूजीएसच्या, म्हणजे विद्यार्थी संघाच्या सरचिटणीसपदाच्या, उमेदवारालाही तुमची स्कूटर ओळखता यायची.

जाहिराती झेरॉक्सवाल्याच्या, क्लासेसच्या, चष्म्याच्या दुकानाच्या. पैसे अंक निघाल्यावर देतो म्हणतात. प्रेसवाला अंक उचलण्याआधी मागतो. मधला खड्डा कोणीतरी घरून भरतो, आणि माझ्या अनुभवात तोच माणूस पुढच्या वर्षी दिसत नाही. शहरातल्या एका कॉलेजात आमच्या मित्रांना वेगळाच मार्ग सुचवला गेला होता: खर्च आम्ही देऊ, मजकूर आधी दाखवा. तिथे अंक वेळेवर निघायचे, कागदही छान असायचा. पहिल्या पानावर स्नेहसंमेलनाचं उद्घाटन आणि शेवटच्या पानावर बक्षीस समारंभ.

बातमी म्हणून काय घ्यायचं हा वाद दर वेळी होतो. निकाल का लांबला, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं, हॉस्टेलच्या मेसमध्ये डाळ कशी पातळ होत चालली. याला कोणी किरकोळ म्हटलं की मी १९७३ ची आठवण करून देतो. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंगमध्ये मेसचं बिल वाढलं, मुलं चिडली, आणि फेब्रुवारी १९७४ पर्यंत नवनिर्माण आंदोलनाने चिमणभाई पटेलांचं सरकार घालवलं. मेसची डाळ ही बातमी आहे.

आणि भाषा. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी. दांडियाबाजार-रावपुऱ्यातल्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही, पण पान लावायला बसलं की वाटतं. वार्षिकांकांची जुनी तोड होती, भाषेप्रमाणे विभाग. मराठी विभाग बहुधा शेवटी, थोडक्या पानांचा, त्यात पावसावर एक कविता नक्की. वृत्तपत्रात ती तोड चालत नाही, कारण मेसची बातमी तीन भाषांत तीनदा कोण लिहिणार? आम्ही मुख्य अंक इंग्रजी ठेवला आणि चौथ्या पानावर अर्धं पान मराठीला दिलं. डीटीपी करणारा भाई गुजराती, हात वेगवान. प्रुफात 'आणि'च्या जागी चार ठिकाणी 'अने' आलं. तीन मी पकडले.

यातलं कुठलंच संकट असं नव्हतं की ज्याने पत्र बंद पडावं. बंद पडलं ते हस्तांतर न झाल्यामुळे. बी.ए. तीन वर्षांचं. पहिलं वर्ष ओळखी होण्यात जातं, दुसऱ्यात अंक निघतो, तिसऱ्यात एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षांची पुस्तकं येतात. आम्ही चौघेही एकाच वर्गातले, एकाच दिवशी कॅम्पस सोडला. जाहिरातदारांची यादी एकाच्या डायरीत होती, पानांची फाइल फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी प्रेसवाल्याकडे. आमच्यामागून फर्स्ट इयरला आलेल्यांना आम्ही होतो हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

म्हणून मुलांना नावाऐवजी एवढंच विचारलं की तुमच्यात फर्स्ट इयरचं कोण आहे. एक मुलगी निघाली, शहरातल्या वाडी भागात राहणारी. तिच्या हाती एक साधं रजिस्टर दिलं: प्रेसचे दर, जाहिरातदारांचे फोन, कोणी पैसे बुडवले, ईमेलचा पासवर्ड. ती म्हणाली, "हे सगळं गूगल शीटवर टाकते की." टाक म्हटलं, आणि रजिस्टरही ठेव.

नाव अजून ठरलेलं नाही. मास्टहेडखाली 'वर्ष पहिले' छापायचं की 'वर्ष चौथे', यावर त्यांच्यात वाद चालू आहे. माझे तिन्ही अंक त्यांनी स्कॅन करायला नेले, त्याला आता दीड महिना झाला. अजून परत आलेले नाहीत.