फाशावर आकडे कोणते छापायचे?

पाढे ओळीने धडाधड म्हणणारी पुष्कळ मुलं मध्येच ‘आठ साते किती?’ विचारलं की अडखळतात आणि ‘आठ एके आठ’पासून पुन्हा सुरू करतात. दोन फासे टाकून पडलेल्या आकड्यांचा गुणाकार करायचा, एवढ्या साध्या खेळाने ही ओळ मोडते. मात्र त्यासाठी १ ते ६ चे नेहमीचे फासे फारसे कामाचे नाहीत. दोन फाशांची ३६ दानं पडू शकतात. त्यांतल्या २० दानांत १ किंवा २ असतोच. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ सोप्या पाढ्यांत जातो, आणि सात, आठ, नऊ तर कधी येतच नाहीत. कागदी फासा घरी छापून घ्यायचा तो यासाठी: आकडे आपल्या हातात राहतात.

दोन्ही फाशांवर ४ ते ९ छापा. ७×८ सरासरी १८ दानांत एकदा पडेल. तेवढंच कच्चं असेल तर दोन्हींवर ६, ७, ७, ८, ८, ९ घाला. मग ३६ पैकी ८ दानं त्याचीच. आकडे इंग्रजी अंकांत छापले तर 6 आणि 9 खाली रेघ हवीच, नाहीतर निम्मा वेळ भांडणात जाईल. भागाकारासाठी एका फाशावर १२, २४, ३६, ४८, ६०, ७२ आणि दुसऱ्यावर १, २, ३, ४, ६, १२ घ्या. कुठलंही दान पडलं तरी बाकी शून्य.

आता घडणी, म्हणजे कापून दुमडला की फासा होतो तो सपाट आकार. चार चौरसांची उभी पट्टी काढा आणि वरून दुसऱ्या चौरसाच्या दोन्ही बाजूंना एकेक चौरस जोडा. बाजू ४ सेंमी ठेवली तर आडव्या ए-फोर कागदावर दोन घडणी बसतात. घनाला १२ कडा असतात. त्यांतल्या ५ घडीतूनच मिळतात, उरलेल्या ७ चिकटवायच्या. म्हणून चिकटपट्ट्या सातच: दोन्ही बाजूच्या चौरसांना वर-खाली एकेक, आणि सर्वांत खालच्या चौरसाला, म्हणजे झाकणाला, तीन. रुंदी ८ मिमी, टोकं ४५ अंशांत तिरकी कापलेली. सरळ ठेवली तर कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि झाकण फुगतं. पट्टीतला पहिला चौरस तिसऱ्यासमोर येतो, दुसरा चौथ्यासमोर. समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज सारखी हवी असेल तर याप्रमाणे मांडा.

कागद १६० ते २०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) घ्या. साध्या ८० जीएसएम कागदाचे कोपरे लगेच चेपतात. खूप जाड कागद प्रिंटरमध्ये अडकतो आणि घडीवर शाई तडकते. छापताना प्रिंटरच्या पर्यायांत ‘प्रत्यक्ष आकार’ (Actual size) निवडा. कापण्याआधी प्रत्येक घडीच्या रेषेवर पट्टी धरून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा. हा टप्पा गाळला की घडी रेषेपासून सरकते, आणि ती चूक शेवटचं झाकण बसेना तेव्हाच कळते. गम पातळ थरात लावा, शक्यतो गमकांडीने. ओल्या गमाने कागद लहरतो. आधी बाजूच्या चौरसांच्या चार पट्ट्या चिकटवून वाळू द्या, मग झाकणाच्या तीन.

फासा एकाच बाजूला झुकतो का, हे मुलांनाच तपासू द्या. ६० वेळा टाकला तर प्रत्येक बाजू सरासरी १० वेळा यायला हवी. ५ ते १५ पर्यंतचा फरक योगायोगानेही पडतो. एखादी बाजू २० वेळा आली तर मात्र फासा चेपलाय किंवा आत गमाचा गोळा साचलाय.

वरच्या वर्गांसाठी एक जोडी आवर्जून छापावी: एकावर १, २, २, ३, ३, ४ आणि दुसऱ्यावर १, ३, ४, ५, ६, ८. जॉर्ज सिचरमन यांनी शोधलेली ही जोडी गणितावर सर्वांसाठी लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७८ मध्ये लोकांपुढे आणली. आकडे विचित्र, पण २ ते १२ ही प्रत्येक बेरीज साध्या दोन फाशांइतक्याच वेळा पडते. ६×६ चा तक्ता मांडून मुलांना मोजू द्या: ७ सहा वेळा, २ आणि १२ एकेकदाच. धन पूर्णांक वापरून साध्या फाशांखेरीज असं जमवणारी दुसरी जोडी नाही.