शेवटचं दर्शन घडलं नाही तेव्हा

नाशकात माणूस गेला की पुढची वाट ठरलेली असते. घरून अमरधाम स्मशानभूमी, मग अस्थी रामकुंडात, दहाव्याला गोदाकाठी पिंडदान आणि कावळा शिवायची वाट पाहणं. कोरोनात ही वाटच तुटली. देह पिशवीत बंद, जवळ जायला मनाई, घरातले निम्मे स्वतःच विलगीकरणात.

रोज संध्याकाळी दाराशी स्कूटर वाजली की ‘हे आले’, असं मेंदू वर्षानुवर्षं शिकलेला असतो. ते शिकणं एका फोनने पुसलं जात नाही. चेहरा पाहून, तोंडात पाणी घालून, खांदा देऊन ते हळूहळू पटतं. यातलं काहीच घडलं नाही, तर मन ‘गेले’ आणि ‘येतील’ यांच्यामध्ये अडकतं. अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांमध्ये असंच अडकलेपण पाहिलं. त्याला आपण ‘संदिग्ध वियोग’ म्हणू.

सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक इथे कामी येतात. योजनेच्या कागदांवर सही घेणारे, एवढीच बहुतेकांना त्यांची ओळख. पण ‘वारले’ हा शब्द आडपडदा न ठेवता सांगणं आणि त्यानंतरची शांतता सोसणं, हेही त्यांच्या वाट्याला येतं. शेवटी जवळ कोण होतं, शेवटचं बोलणं काय झालं, हे ते वॉर्डातल्या सिस्टरांना विचारून घरच्यांना कळवतात. चष्मा, मोबाइल, मंगळसूत्र नावानिशी हाती देतात. न पाहिलेल्या मरणाला त्यातून थोडा आकार येतो.

२१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा दुःखात संताप मिसळलेला असतो. तिथे अधीक्षकाने रुग्णालयाची बाजू मांडू नये, ऐकून घ्यावं. मला हे सगळ्यात अवघड वाटतं, कारण समोरच्याच्या लेखी तुम्हीही रुग्णालयच असता.

आणि कागदपत्रं? कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना तेव्हा मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या सरकारी मदतीसाठी मृत्यू कोरोनाने झाल्याचा कागदोपत्री पुरावा लागायचा. रडत्या बाईपुढे अर्ज ठेवणं निर्दय वाटतं. पण १९९९मध्ये स्ट्रोबे आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांनी मांडलं, की शोक करणारं मन दुःख आणि रोजचा व्यवहार यांत हेलकावे घेतं आणि त्याला दोन्ही लागतात. अर्ज भरताना ती बाई तासभर व्यवहारात असते, बाहेर आल्यावर पुन्हा रडते.

सहा महिन्यांनंतरही दुःख तितकंच तीव्र असेल, रोजचं जगणं थांबलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला आजार मानतात. म्हणून काही महिन्यांनी केलेला एक फोन फार मोलाचा: “ताई, जेवण जातं का? झोप लागते का?”