चावी आणि पिन: क्रँकवरचा बॅलन्सर घसरू नये म्हणून

हार्मोनिक बॅलन्सर म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसणारं, इंजिनाची पिळाची कंपनं शोषणारं चाक. कंपनीचा बॅलन्सर काढून बाहेरच्या बनावटीचा बसवताना एक गल्लत हमखास होते. चावी आणि पिन ही एकाच कामाची दोन नावं आहेत असं धरून लोक पुढे जातात. दिसायला दोन्ही सारखीच: पोलादाचा छोटा तुकडा, अर्धा क्रँकशाफ्टच्या टोकात, अर्धा बॅलन्सरच्या हबमध्ये, म्हणजे त्याच्या मधल्या भागात. पण चावी जागा आधीच ठरवून देते, आणि बॅलन्सर जिथे बसलाय तिथेच पिन त्याला पक्का करते. हा फरक लक्षात न घेता ड्रिल हातात घेतलं तर क्रँकसारखा महागडा भाग कायमचा बिघडू शकतो.

मुळात बॅलन्सरला रोजच्या चालण्यात धरून ठेवतं कोण? चावीही नाही आणि पिनही नाही. हबचं भोक क्रँकच्या टोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी लहान ठेवलेलं असतं, त्यामुळे हब दाबूनच बसवावा लागतो. त्यावर मधला बोल्ट प्रचंड जोराने आवळलेला असतो. ही प्रेस फिटची घट्ट पकड आणि बोल्टचा दाब मिळून हब फिरवतात. सगळ्यात स्पष्ट उदाहरण जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांचं. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून आलेल्या एलएस१ पासून या घराण्यात बॅलन्सरला चावी दिलेलीच नाही. जुन्या बोल्टने ३३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळून हब पूर्ण आत बसवायचा, तो बोल्ट काढायचा, मग नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटरला लावून वर १४० अंश फिरवायचा. हा बोल्ट आवळताना ताणला जातो, म्हणून तो एकदाच वापरायचा. फसवी गोष्ट अशी की याच क्रँकवर थोडं मागे चावी दिसते, पण ती टायमिंग चेनच्या गिअरची असते. क्रँकवर चावी दिसली म्हणजे बॅलन्सरही चावीवर आहे, असं समजू नये.

ज्या इंजिनांत बॅलन्सरला चावी असते तिथे तिचं पहिलं काम कोन ठरवणं. पुलीवरची टायमिंगची खूण पहिल्या सिलिंडरच्या पिस्टनशी जुळली पाहिजे, आणि हब काढून परत बसवला तरी ती त्याच जागी यायला हवी. म्हणून खाच कारखान्यातच मशीनवर काढलेली असते. चावी दोन बाजूंनी नेमकी बसते, माथ्यावर मात्र थोडी फट असते. हब सरकायला लागला तर ती अडवते खरी, पण हा तिचा शेवटचा आधार. बोल्ट सैल झाला आणि सगळा भार चावीवर आला, तर खाचेच्या कडा ठोके खाऊन रुंद होत जातात. १९९०-९१ च्या सुरुवातीच्या माझदा मिआटा गाड्यांमध्ये आखूड टोकाच्या क्रँकवर नेमकं हेच घडलं. चावी जागेवर असूनही पकड सुटली, पुली डुलायला लागली आणि खाच खराब होऊन क्रँक बदलायची वेळ आली. चावीचा आणखी एक तोटा म्हणजे खाचेचे आतले कोपरे. पिळाचा ताण तिथे गोळा होतो, आणि तडा जायचाच असेल तर तो सहसा तिथूनच निघतो.

पिनची गरज पडते ती मुख्यतः बेल्टवर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, बसवल्यावर. थोडा हिशेब करू. ६,५०० आरपीएमला सुपरचार्जर ६० किलोवॅट ओढत असेल, तर क्रँकच्या टोकावर सुमारे ८८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. टोकाचा व्यास ३८ मिमी धरला तर हब आणि क्रँकच्या सांध्यावर ४,६०० न्यूटनच्या आसपास बल पडतं. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी जाडीची आणि २५ मिमी लांबीची एकच पिन ते सगळं घेतेय असं मानलं, तरी दर चौरस मिलिमीटरला २९ न्यूटन येतात. कडक केलेल्या डॉवेल पिनला हे अगदीच किरकोळ आहे. मग हब घसरतो कशाने? झटक्याने. थ्रॉटल सोडल्यावर क्रँकचा वेग पडतो, पण सुपरचार्जरचा रोटर आपल्या वेगाने बेल्ट पुढे ओढत राहतो. शिवाय प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळतो आणि उलटा परततो. पुढे-मागे होणारी ही ओढाताण प्रेस फिटची पकड हळूहळू सोडवते. गोल पिन भोकात गच्च बसलेली असल्यामुळे तिला दोन्ही दिशांना हालायला वावच नसतो. इथे ती चावीपेक्षा सरस ठरते, असं माझं मत आहे.

पण पिनला जागेचं काही कळत नाही. हब पाच अंश चुकून बसला असेल तर पिन तेच पाच अंश पक्के करील. म्हणून क्रम असा: हब पूर्ण आत बसवा, टायमिंगची खूण पिस्टनच्या वरच्या टोकाशी पडताळा, आणि मगच भोक पाडा. भोक क्रँकच्या अक्षाला समांतर असतं आणि त्याचा मध्य बरोबर क्रँक व हब यांच्या जोडरेषेवर येतो. मोकळ्या हाताने ते पाडायला जाऊ नका. क्रँक आणि हब यांचा कठीणपणा सारखा नसतो, आणि ड्रिल मऊ बाजूकडे ओढलं जातं. बोल्टच्या आट्यांत घट्ट बसणारा, कडक बुश असलेला ड्रिल गाइड वापरा. आधी किंचित बारीक ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर, सावकाश आणि भरपूर कटिंग ऑइल घालून. ड्रिल वारंवार बाहेर काढून चुरा पुसा, कारण तो सीलच्या ओठाखाली किंवा बोल्टच्या आट्यांत गेला तर पुढचा त्रास ठरलेला. पिन ठोकल्यावर तिचं डोकं हबच्या पृष्ठभागाच्या जरा खालीच राहिलं पाहिजे. ती वर राहिली तर बोल्टचा वॉशर हबऐवजी पिनवर टेकेल आणि खरी पकड करणारा दाबच निघून जाईल. एका पिनने भागत असलं तरी मी समोरासमोर दोन मारायला सांगेन. भार वाटला जातो आणि तोलही बिघडत नाही.

एक काम मात्र दोघांनाही जमत नाही. बॅलन्सरचं बाहेरचं कडं हबवर रबराच्या थराने धरलेलं असतं. रबर म्हातारं झालं की कडं एकटंच सरकतं, खूण भलतीकडे दिसते, आणि लोकांना वाटतं हब घसरला. हब आणि कडं दोन्हींवरून एकच सरळ रेघ ओढून ठेवली की कोण सरकलं ते लगेच कळतं. कडं सरकलं असेल तर पिन मारून उपयोग नाही, बॅलन्सरच बदलावा लागतो.

खाच काढायची तर क्रँक बाहेर काढून मशीनशॉपला न्यावा लागतो. पिन मात्र रेडिएटर बाजूला करून गाडीतच मारता येते, आणि तिच्या लोकप्रियतेचं मोठं कारण हेच. सुपरचार्जरसाठी क्रँक नव्यानेच बनवून घेणार असाल, तर समोरासमोर दोन खाचा असलेला क्रँक घेणं जास्त शहाणपणाचं. आणि पिन मारलेला बॅलन्सर पुढे कधी बदलायची वेळ आली, तर जुनी अर्धी भोकं परत वापरू नका. एका बाजूला आधीच पोकळी असल्यामुळे ड्रिल तिकडेच घसरतं. गाइड थोडा फिरवून दोन जुन्या भोकांच्या मधोमध, कोऱ्या धातूत नवं भोक पाडा.