ठिय्यावरचे रिकामे हात आणि तीन टक्क्यांची रेघ

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं, पुरवणी मागण्या मांडल्या जातात, आणि चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच वाक्य फिरायला लागतं: सरकार ऋण काढून सण साजरा करतंय. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि घरासाठी ते खरंही आहे. देशाच्या हिशेबाला ते जसंच्या तसं लावलं तर मात्र गणित चुकतं, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते बेकारी वाढलेली असते तेव्हा.

आमच्या घराजवळच्या चौकात सकाळी आठला मजुरांचा ठिय्या भरतो. मिस्त्री, रेजा, रंगारी. सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली पिशवी, तिच्यात थापी, ओळंबा आणि जेवणाचा डबा. गाडी थांबली की सगळे तिच्याभोवती जमतात, दोघं-तिघं चढतात, बाकीचे मागे सरकतात. साडेदहा वाजले की उरलेल्यांना कळतं, आज काम नाही. काही जण तिथेच डबा उघडतात. त्या दिवशी त्यांच्या हातून उभी राहू शकली असती ती भिंत कायमची बुडाली. श्रम काही कोठारात साठवून उद्या वापरता येत नाहीत.

समजा, सरकारने कर्ज काढून नाला बांधायला घेतला आणि यातल्या एका मिस्त्र्याला १०० रुपये मिळाले. त्यातले ६० त्याने वस्तीतल्या किराणा दुकानात दिले. दुकानदाराने ६० मधले ३६ कळमन्याच्या बाजारातून माल आणण्यात घातले, तिथल्या अडत्याने २१ रुपये ६० पैसे हमालांना आणि मालवाहू गाडीला दिले. ही साखळी लहान होत होत शून्याकडे जाते, पण तिची बेरीज शून्य नसते. शाळेत शिकलेली भूमिती श्रेणी आठवा: १०० ला (१ – ०.६) ने भागलं की येतात २५०. शंभराचा खर्च, अडीचशेचं उत्पन्न. या अडीच पटीला गुणक म्हणतात. रिचर्ड कान या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९३१ साली तो मांडला आणि १९३६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्सने त्यावर आपला सिद्धांत उभारला.

दर टप्प्यावर जे ४० रुपये गळतात, ते कुठे जातात? थोडे करात, थोडे बचतीत, थोडे देशाबाहेर. मिस्त्र्याच्या घरच्या फोडणीतलं पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून आलेलं असतं, तेवढा पैसा साखळीतून निघून जातो. म्हणून गुणक प्रत्येक खर्चाला सारखा नसतो. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये भारतासाठी काढलेल्या अंदाजात भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते-नाले अशा बांधकामांवरच्या खर्चाचा, गुणक २.४५ आला होता, तर थेट हस्तांतरणाचा, म्हणजे लोकांच्या हाती नुसत्या दिलेल्या पैशाचा, एकाहून किंचित कमी.

आता नियमांकडे येऊ. केंद्राने २००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, महाराष्ट्राने २००५ मध्ये. वित्तीय तूट, म्हणजे वर्षभरात जमेपेक्षा जास्त झालेला, कर्ज काढून भागवलेला खर्च, सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांत ठेवायची, असं उद्दिष्ट ठरलं. हा आकडा आला कुठून? १९८१ मध्ये फ्रान्सच्या अर्थ मंत्रालयातल्या गी अबेय या तरुण अधिकाऱ्याने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने तो घाईघाईत सुचवला. त्यामागे सिद्धांत नव्हता, हे पुढे अबेय यांनी स्वतःच सांगितलं. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात तो युरोपचा नियम झाला आणि तिथून जगभर पसरला. अर्थसंकल्पाच्या दिवशी काही वाहिन्यांवर ज्योतिषी बसवून अर्थव्यवस्थेची कुंडली मांडतात, त्याची मला मनापासून चीड येते. पण तीन टक्क्यांना शुभ अंक मानणारे तज्ज्ञही त्या ज्योतिषांपासून फार लांब नाहीत.

या आकड्याला नंतर गणिताचा आधार शोधला गेला, आणि मला सर्वांत आवडतं ते हेच गणित. कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण स्थिर ठेवायचं तर किती तूट चालते? प्रमाण गुणिले वाढीचा दर, भागिले (१ + वाढीचा दर). वाढ इथे महागाई धरूनची. युरोपात कर्ज ६० टक्के आणि वाढ ५ टक्के धरली होती: ६० × ५ ÷ १०५ = २.८६, म्हणजे सुमारे तीन. भारताने २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राचं कर्ज मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास आणण्याचं ठरवलं. वाढ १० टक्के धरा: ५० × १० ÷ ११० = ४.५, म्हणजे तीन नव्हे, साडेचार.

याच सूत्रात वाढ शून्य घालून बघा. तूटही शून्य येते! ठिय्यावर गर्दी सर्वांत जास्त असते त्याच वर्षी सूत्र सांगतं, एक रुपयाही उधार घेऊ नका.

आणि घेतला नाही तर? उत्पन्न १००, कर्ज ६०. सरकारने खर्चात १ रुपया कापला. मंदी आहे, गुणक २ आहे, म्हणून उत्पन्न ९८ वर आलं. दोन रुपयांचं उत्पन्न बुडाल्यामुळे १५ टक्के दराने ३० पैसे करही बुडाला. कर्ज वाचलं ७० पैसे: उरलं ५९.३. आता ५९.३ ला ९८ ने भागा. ६०.५ टक्के! कपात करूनही कर्जाचा बोजा वाढला. हीच कपात तेजीत केली, जेव्हा गुणक जेमतेम ०.३ असतो, तर प्रमाण ५९.२ वर उतरतं. कृती तीच, परिणाम उलटा. ग्रीसने हे भोगलं. तिथे कपातीवर कपात झाली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली आणि कर्जाचं प्रमाण वाढतच राहिलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अर्थशास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिलं की युरोपातल्या कपातीचे अंदाज बांधताना गुणक फार लहान धरला गेला होता.

याचा अर्थ वाटेल तेवढं कर्ज काढा असा नाही. ठिय्या रिकामा झाला, कारखाने पूर्ण पाळीत चालू लागले, की जास्तीचा रुपया नवी भिंत उभारत नाही. आहे त्याच मिस्त्र्याची मजुरी आणि सिमेंटचा भाव तेवढा चढवतो. २००८ च्या जागतिक मंदीनंतर करात आणि खर्चात दिलेली सवलत आपण वेळेवर मागे घेतली नाही. त्यानंतरच्या वर्षांतल्या महागाईत त्याचाही वाटा होता.

केंद्राच्या त्या २००३ च्या कायद्यात सुटकेची वाट आहे. २०१८ च्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये कारणं दिली: युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीचं कोसळणं, मोठ्या रचनात्मक सुधारणा, किंवा एखाद्या तिमाहीची वाढ आधीच्या चार तिमाहींच्या सरासरीपेक्षा किमान ३ टक्केबिंदूंनी घसरणं. तरी ठरलेल्या तुटीपेक्षा सूट मिळते फक्त अर्ध्या टक्क्याची. २०२०-२१ मध्ये तूट ३.५ टक्के ठरली होती, ती ९ टक्क्यांच्या वर गेली. त्या यादीत बेकारी हा शब्दच नाही.

आणि हे महाराष्ट्राला तरी नवं वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, म्हणून वाईट वर्षी खर्च आपोआप वाढायचा आणि पाऊसपाणी चांगलं झालं, शेतात काम मिळालं, की आपोआप उतरायचा. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. माझ्या पगाराच्या पावतीवर तो आजही असतो: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.

२०२५ पासून देशाचा बेकारीचा दर दर महिन्याला जाहीर होतो. कलम ४ मध्ये तो घालायला एक ओळ पुरेल.