हंबरडा फोडतात, गळा काढतात, आणि घशात नेमकं काय होतं

मराठीत हाक मारतात, आरोळी ठोकतात, पण हंबरडा म्हटलं की तो फोडायचाच. टाहो पण फोडतात, किंकाळी पण फोडतात, रडू फुटतं. उलट गळा काढतात, भोकाड पसरतात, आकांत मांडतात, आक्रोश करतात, आणि हुंदका तर बिचारा एकतर येतो नाहीतर दाबला जातो. इतकी वेगवेगळी क्रियापदं उगाच रुळली असतील असं मला वाटत नाही, कारण माणूस मोठ्याने रडतो तेव्हा घशात आणि मेंदूत काय चालतं ते बघायला गेलं की यातली बरीचशी अगदी फिट बसतात.

आधी घसा घेऊ. साधं बोलताना स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू एका लयीत उघडझाप करत असतात, पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण 100 ते 120 वेळा, बायकांमध्ये 200 च्या आसपास, आणि तान्ह्या बाळाच्या रडण्यात हाच आकडा 300 ते 600 पर्यंत जातो. दुःखाचा कढ येतो तेव्हा पोटाचे आणि छातीचे स्नायू हवा जोर लावून वर ढकलतात, पण घसा आवळलेला असतो, म्हणजे हवेला वाट नाही, दाब नुसता साचत जातो आणि मग एका क्षणी तंतू उघडतात आणि आवाज धाडकन बाहेर पडतो. आता एवढ्या दाबाखाली त्या तंतूंना लय सांभाळता येत नाही, दोघं वेगवेगळ्या तालात हलायला लागतात, सूर मध्येच वर उडी मारतो, चिरतो, खरखरतो. अभ्यासक याला नॉनलिनिअर वगैरे म्हणतात, आपण सरळ आवाज फुटला म्हणतो.

ही खरखर फार कामाची असते बरं का. 2015 मध्ये ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंकाळ्या तपासल्या. नेहमीच्या बोलण्यात आवाजाचा जोर सेकंदाला जेमतेम चार-पाच वेळा कमीजास्त होतो, किंकाळीत मात्र तो 30 ते 150 वेळा होतो, आणि असा खरबरीत आवाज कानावर पडला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारा भाग, जास्त जोरात पेटतो. धोक्याचे भोंगे, अलार्म यांच्यातही हीच खरखर सापडते. पण किंकाळी आणि हंबरडा एक नव्हे हं. किंकाळी तोकडी असते, भीतीची किंवा अचानक झालेल्या वेदनेची, ती ऐकून माणूस आधी दचकतो. हंबरडा लांब असतो, वर चढून खाली ओघळणारा, मध्ये श्वास तुटणारा, आणि तो ऐकून माणूस दचकला तरी पळत नाही, जवळ जातो. बातम्यांमध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात ते मला तरी खटकतं.

हंबरडा हा शब्द गायीच्या हंबरण्याशी जोडलेला आहे हे तर दिसतंच, पण त्यामागचं निरीक्षण किती पक्कं आहे ते इंग्लंडमधल्या एका अभ्यासातून कळतं. तिथे गायींचे आवाज रेकॉर्ड केले तेव्हा दोन सरळ प्रकार निघाले. वासरू जवळ असेल तर गाय तोंड मिटून किंवा अर्धवट मिटून हळू, खालच्या पट्टीत घुमते, सरासरी 81 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 81 कंपनं. वासरू नजरेआड झालं, ताटातूट झाली की तोंड उघडून मोठ्याने, सरासरी 153 हर्ट्झ, म्हणजे जवळपास दुप्पट उंच पट्टीत. पट्टी आणि जोर वाढला की आवाज लांब जातो. जे जवळ नाही त्याच्यासाठीचा आवाज आहे तो, आणि माणसाने नेमका तोच उचलून आपल्या सगळ्यात मोठ्या दुःखाला लावला.

आता यापुढचं मला सगळ्यात भारी वाटतं. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे यांनी कॅनडात हरणांच्या आयांना लपवलेल्या स्पीकरवरून वेगवेगळ्या प्राण्यांच्या पिल्लांचं रडणं ऐकवलं, त्यात सील होते, मांजर होतं, वटवाघूळ होतं, माणसाचं बाळ पण होतं, आणि आवाजाची पट्टी हरणाच्या पिल्लाच्या पट्टीजवळ आणली की त्या हरिणी स्पीकरकडे धावत यायच्या. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे रडण्याचा साचा सस्तन प्राण्यांमध्ये फार जुना आणि सामायिक असावा, नाहीतर वटवाघळाच्या पिल्लासाठी हरिणीने धावायचं काही कारणच नाही.

या साच्याचं मेंदूतलं ठिकाणही जुनंच आहे. मेंदूच्या मधल्या भागात, खाली देठाच्या बाजूला, एक राखाडी पेशींचा पट्टा आहे, उपजत आवाज तिथून सुटतात. मेंदूचे अभ्यासक याक पँकसेप यांनी 1978 मध्ये दाखवलं की आईपासून तोडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी बारीक डोस दिला, गुंगी येणार नाही इतका, तरी त्यांचं केकाटणं कमी होतं. विरह आणि वेदना यांची यंत्रणा मेंदूत बरीच एकत्र चालते असं त्यांचं म्हणणं होतं. बोलण्याचा रस्ता मात्र वेगळा, तो वरच्या कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून, स्वरयंत्राकडे येतो. त्यामुळे काही पेशंट असे असतात की दोन्ही बाजूंच्या कॉर्टेक्सला इजा होऊन त्यांना ठरवून तोंड, जीभ नीट हलवता येत नाही, बोलता येत नाही, पण रडू मात्र आपोआप येतं, हसूही येतं.

हे दोन रस्ते लक्षात घेतले की शब्द आपोआप दोन बाजूंना पडतात. हंबरडा, हुंदका, धाय मोकलणं, ओक्साबोक्शी रडणं हे सगळं खालच्या रस्त्याने येतं, कुणी ठरवून करत नाही. गळा काढणं मात्र ठरवून जमतं, म्हणून तर त्यात थोडा संशयाचा वास येतो, काय गळा काढतोय उगाच असं आपण म्हणतो, पण काय हुंदके देतोय उगाच असं म्हणताना जीभ जरा अडखळतेच.

अर्थात दोन्ही रस्ते एकत्रही येतात. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेग अर्बन यांनी 1988 मध्ये ब्राझीलमधल्या तीन आदिवासी समाजांच्या शोकविलापावर लिहिलं, त्यात लोक सुरात, शब्द घालून रडतात, पण मध्येमध्ये आवाज तुटणं, श्वास आत घेताना आवाज काढणं, घोगरा सूर, एकदम उंच बारीक स्वर अशा खऱ्या रडण्याच्या खुणा पेरलेल्या असतात. म्हणून ते गाणंही असतं आणि रडणंही. ते खोटं असतं असा अर्थ काढू नये, शिकलेल्या चालीत खरं दुःख मावतंच. अशा विलापाची ताकद राज्यकर्त्यांनाही कळली होती, अथेन्समध्ये इसवी सनपूर्व सहाव्या शतकात तिथले कायदे करणाऱ्या सोलोनने अंत्यविधीतल्या बायकांच्या आक्रोशावर कायद्याने बंधनं घातली होती.

कुत्रं रडतंय, अपशकुन आहे, हे मात्र सोडून द्यायला हरकत नाही. लांडगे आणि कुत्री तोंड वर करून जो सूर लावतात तो मुख्यतः लांबच्या सोबत्याशी संपर्क ठेवायला असतो. ऑस्ट्रियात पाळलेल्या लांडग्यांवर 2013 मध्ये प्रयोग झाला, कळपातला एकेक लांडगा बाहेर फिरायला नेला आणि मागे राहिलेले किती ओरडतात ते मोजलं, तर जवळचा जोडीदार किंवा म्होरक्या गेला की जास्त ओरडा, आणि जोडीदारासाठीचा ओरडा नुसत्या स्ट्रेस हार्मोनवरून समजावता येईना. त्यांना त्याची सोबत हवी होती, एवढंच.

राहता राहिला टाहो. टाहो फोडला की समोर कुणीतरी लागतं, देव, सरकार, मालक, कुणीही, कारण त्यात मागणं असतं, शब्द असतात, म्हणजे वरचा रस्ता आला. त्यामुळे पाण्यासाठी टाहो, पगारासाठी आक्रोश या हेडलाइन्स पटकन पटतात, पण मोर्चाने मंत्र्यांसमोर हंबरडा फोडला असं कुठलाही उपसंपादक सहसा लिहिणार नाही.