सेंटरच्या पात्याखालचा बर्फ

२०२६ च्या फेब्रुवारीत मिलान-कोर्टिनाचं हिवाळी ऑलिंपिक झालं. २०१४ नंतर पहिल्यांदाच एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे खेळाडू त्यात उतरले आणि आइस हॉकीच्या क्लिपा लातूर-परभणीच्या पोरांच्या मोबाइलपर्यंत पोचल्या. ज्या लातूरला २०१६ साली पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथली पोरं गोठलेल्या पाण्यावरचा खेळ बघतात याची मला गंमत वाटते. दहावीच्या एका मुलाने विचारलं, "सर, एवढ्या जोरात पळून हे लोक पडत कसे नाहीत?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या मुलीने उत्तर ठोकलं, "स्केटच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून ते घसरतात. पुनर्हिमायन!"

उत्तर पाठ होतं (पुनर्हिमायन म्हणजे दाबाने बर्फ वितळणं आणि दाब सुटताच पुन्हा गोठणं). पण प्रश्न न पडण्याचा होता आणि तिने घसरण्याचं कारण सांगितलं. शिवाय ते कारणही बरोबर नाही, आणि ही चूक तिची एकटीची नाही. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतून ती वर्षानुवर्षं चालत आली आहे.

हे दोन्ही प्रश्न एकत्र बघायचे तर सेंटरकडे बघावं. आइस हॉकीत एका संघाचे सहा जण बर्फावर असतात: गोलकीपर, दोन डिफेन्समन, दोन विंगर आणि मधला सेंटर. विंगरला आपापली बाजू असते, डिफेन्सला मागचा भाग. सेंटरला ठरलेली बाजूच नाही. आपल्या गोलपुढे डिफेन्सच्या मदतीला तोच, पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन मधून वर जाणारा तोच आणि समोरच्या गोलपुढे पास देणाराही बहुतेकदा तोच. एनएचएलचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. त्यावर हा माणूस सतत वळतो, थांबतो, उलटा स्केट करतो आणि ४०-५० सेकंदांत दमून बाकावर येतो. खेळ चालू असतानाच दुसरा आत शिरतो. वेन ग्रेट्स्की सेंटरच होता. एनएचएलच्या साखळी सामन्यांत त्याचे ८९४ गोल आणि १,९६३ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास. गोल बाजूला ठेवले तरी नुसते असिस्टच इतर कोणाच्याही गोल आणि असिस्टच्या बेरजेपेक्षा जास्त भरतात.

हे सगळं ज्या पात्यावर चालतं ते जेमतेम ३ मिलिमीटर रुंद असतं.

आता दाबाचा हिशोब करून टाकू. किटसकट ९० किलोचा सेंटर एका पायावर उभा आहे. पातं खालून लांबीत किंचित वक्र असतं, त्यामुळे सगळं टेकत नाही. ५ सेंटिमीटर टेकलं असं धरा. जागा झाली दीड चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोचा भार, जवळपास ६० वातावरणांचा दाब. ऐकायला भरपूर वाटतो. पण बर्फाचा द्रवणांक १ अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणं लागतात (क्लॉसियस-क्लॅपेरॉन समीकरणातून हा आकडा येतो: बर्फ वितळताना त्याचं आकारमान घटतं फार थोडं आणि अप्रकट उष्मा लागतो भरमसाट, म्हणून दाबाचा परिणाम इतका किरकोळ). आपल्या सेंटरने द्रवणांक खाली आणला अर्धा अंशसुद्धा नाही. रिंकचा बर्फ असतो उणे ५ अंशांच्या आसपास. सेंटर पात्याच्या कडेवर तोलला आणि टेकणारी जागा दहावा हिस्सा झाली, तरी ४ अंशांच्या पुढे फारसं सरकत नाही. शिवाय उणे २० मध्येही माणसं बर्फावरून घसरतात. उणे २२ अंशांच्या खाली तर कितीही दाबा, साधा बर्फ वितळत नाही, त्याचं रूपांतर दुसऱ्या स्फटिकरूपात होतं.

मग पुनर्हिमायन शिकवताना दाखवतात तो तारेचा प्रयोग खोटा? अजिबात नाही. डेपोतून बर्फाच्या लादीचा तुकडा आणा, पोतं सोडा, दोन स्टुलांवर आडवा ठेवा आणि तांब्याची बारीक तार वरून टाकून दोन्ही टोकांना विटा बांधा. तार हळूहळू आत उतरते, तिच्या मागे पांढुरकी रेघ राहते आणि वरचा बर्फ पुन्हा सांधला जातो. फरक इतकाच, की खोलीत ठेवलेली लादी आधीच शून्य अंशाला असते. तिथे द्रवणांक पाव अंश खाली गेला तरी काम होतं. आणखी एक मजा करून बघा. तांब्याच्या तारेऐवजी तेवढ्याच जाडीची मासे धरायची तंगूस लावा. ती कितीतरी सावकाश उतरते. तारेच्या वरचं पाणी गोठताना जी उष्णता बाहेर टाकतं तीच तारेतून खाली जाऊन खालचा बर्फ वितळवते. तांबं ती पटकन पोचवतं, तंगूस पोचवत नाही. म्हणजे दाब हा या प्रयोगातला अर्धाच कारभारी आहे. (आपल्याकडे एप्रिलमध्ये हे उघड्यावर करू नका. वरून हवाच लादी वितळवते आणि श्रेय तारेला मिळतं. पहाटे, थर्मोकोलच्या खोक्यात करा.)

दाबाने स्केट घसरतो ही कल्पना १८८६ मध्ये जॉन जॉली यांनी मांडली. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवलं की घर्षणाच्या उष्णतेचा वाटा त्याहून बराच मोठा आहे. पण बर्फावर नुसतं उभं राहिलेल्या माणसाचाही पाय सटकतो, तिथे घर्षण अजून सुरूही झालेलं नसतं. गंमत म्हणजे खरा धागा त्याही आधी, १८५० मध्ये, मायकेल फॅरेडे यांच्या हाती लागला होता. बर्फाचे दोन ओले तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, यावरून त्यांनी म्हटलं की बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याच्या खालीही पाण्याचा पातळ थर असावा. तेव्हा ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

इथे मला थोडं रेंगाळायचंय. बर्फाच्या आतला पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधाने बांधलेला असतो. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने धरायला कोणीच नाही. काही रेणू तीन बंधांवर टिकतात, काही दोनच. दोन बंधांचे रेणू जागेवर राहत नाहीत, सरकतात, लोळतात. लातूरच्या मोंढ्यात फरशीवर सांडलेल्या सोयाबीनवरून पाय निसटतो तसं हे आहे: खालची फरशी घट्टच असते, वरचे सुटे दाणे तेवढे गडगडतात. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्ट्झच्या संशोधकांनी बर्फावर पोलादाची गोळी घासून उणे १०० अंशांपासून शून्यापर्यंत घर्षण मोजलं. उणे १०० ला बर्फ घसरडा नव्हताच. तापमान चढेल तसे दोन बंधांचे रेणू वाढत गेले, घर्षण उतरत गेलं आणि उणे ७ अंशांना ते सगळ्यात कमी भरलं. त्या तापमानाच्या वर मात्र बर्फच मऊ पडतो, गोळी रुतते आणि घर्षण परत वाढतं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये घसरणाऱ्या वस्तूखालच्या थराची मोजणी झाली. थर मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून पातळ निघाला, आणि साध्या पाण्यापेक्षा कितीतरी पट घट्ट, तेलाकडे झुकणारा. साधं पाणी असतं तर पात्याखालून केव्हाच पिळून बाहेर गेलं असतं.

२०२५ मध्ये जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठातून नवं काम आलं: पातं सरकताना रेणूंची रचनाच विस्कटते, त्याला वितळण्याइतकी उष्णता लागत नाही. बातम्यांनी लगेच "दोनशे वर्षांचं विज्ञान कोसळलं" असं ठोकून दिलं. काही कोसळलेलं नाही. ते काम संगणकावरच्या प्रतिरूपाचं आहे, चांगलं आहे, आणि दाबाच्या सिद्धान्तावर शंका घेणारे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून होतेच.

आता न पडण्याकडे येऊ. सेंटर ताशी २५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ७ मीटर वेगाने येतो आणि ५ मीटर त्रिज्येचं वळण घेतो. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: ४९ भागिले ५, म्हणजे ९.८. बरोबर गुरुत्वत्वरणाइतकं! त्यामुळे त्याचं अंग ४५ अंशांत कलतं, आणि बर्फाने त्याला त्याच्या वजनाइतक्याच जोराने आडवं ढकलावं लागतं. घर्षणाच्या भाषेत हा गुणांक १ झाला, कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला टायर देतो तेवढा. आणि त्याच पात्याचा, त्याच क्षणी, लांबीच्या दिशेतला गुणांक असतो ०.००५ च्या आसपास. एका दिशेला दुसरीच्या दोनशे पट पकड.

हे साधतं पात्याच्या तळाला पाडलेल्या खोलगट पन्हळीमुळे. तिने दोन्ही बाजूंना धारदार कडा तयार होतात. कलल्यावर आतली कड बर्फात रुतून चर पाडते आणि चराची भिंत पात्याला आडवं अडवते. सुटे रेणू फार तर मायक्रॉनभर थरात लोळतात, कड त्यांच्या खूप खाली गेलेली असते. म्हणून घसरायला पृष्ठभाग आणि वळायला पोट, असे बर्फाचे दोन वेगवेगळे भाग कामाला येतात. बर्फ फार गरम ठेवला तर भिंत ढासळते, फार गार ठेवला तर कडेखाली तिचे टवके उडतात. रिंकवाल्यांची सगळी कसरत या दोन-तीन अंशांची असते.

हीच कड फेस-ऑफला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू करताना, लागते. पंच साधारण कमरेच्या उंचीवरून पक सोडतो, दोन सेंटर समोरासमोर वाकलेले. ९० सेंटिमीटर पडायला पकला ०.४३ सेकंद लागतात. माणसाचा प्रतिसाद सुरू व्हायला ०.२ सेकंद, तेवढ्यात पक २० सेंटिमीटर खाली आलेला. उरलेल्या पाव सेकंदात स्टिक फिरवून पक मागे ओढायचा. म्हणून चांगला सेंटर पककडे बघत बसत नाही, तो पंचाचा हात बघतो. आणि पक मागे ओढताना न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने स्वतः पुढे जाऊ नये म्हणून पाय फाकवून पात्यांच्या आतल्या कडा आधीच रुतवून ठेवतो.

इतका नेमका खेळ खेळणारी यातली बरीच माणसं मात्र अंतिम फेरीआधी मिळणाऱ्या विभागीय करंडकाला हात लावत नाहीत, का तर मग अंतिम फेरीत हार होते म्हणे. पिट्सबर्गचा सेंटर सिडनी क्रॉसबी याने २००८ मध्ये तो शिवला नाही आणि संघ डेट्रॉइटकडून हरला. २००९ मध्ये शिवला आणि त्याच डेट्रॉइटला हरवून स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. लिंबू-मिरची फक्त आपल्याच गाडीला लटकते असं समजू नये.

आपल्याकडे सिमेंटवर चाकांचे स्केट शिकलेली मुलं असतात. बर्फावरची पोरं थांबताना दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडतात, फवारा उडतो आणि जागच्या जागी थांबतात. सिमेंटवर तसं केलं तर चाकं रस्ता धरून ठेवतात आणि पोरगं तोंडावर आपटतं, म्हणून ते मागचा पाय आडवा घासत थांबायला शिकलेलं असतं. अशा मुलाला उद्या लेहच्या बर्फावर आइस हॉकी खेळायला नेलं, तर वळणं लवकर जमेल. थांबणं पहिल्यापासून शिकावं लागेल.